भिंतीवरचा परका निळा

अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यांत सातवाहनकाळातली जी चित्रं उरली आहेत, त्यांत निळा रंग नाही. तांबडा आहे, पिवळा आहे, हिरवा, काळा, पांढरा आहे. पाच-सहाशे वर्षांनी, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात या डोंगरात पुन्हा छिन्नी-हातोडे वाजू लागले. पहिल्या, दुसऱ्या, सतराव्या लेण्यांच्या भिंती रंगल्या आणि तेव्हा निळा आला. छतावरच्या वेलबुट्टीत आला, कमळांच्या पाकळ्यांत आला. पण तो इथल्या मातीतला नव्हता. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा रंग होता, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये, कोकचा नदीच्या खोऱ्यातल्या सर-ए-संगच्या खाणींत निघतो. अजिंठ्यापासून सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर सुमारे १,८०० किलोमीटर भरतं.

म्हणजे ज्या डोंगरात आधीच्या पिढ्यांनी गेरू, पिवळी माती आणि काजळीवर सगळं जग उभं केलं, तिथे एक अनोळखी रंग येऊन दाखल झाला आणि चित्रकारांना तो भिंतीत सामावून घ्यावा लागला. मिश्र माध्यमात, जाडसर पोताच्या पृष्ठभागावर काम करणाऱ्या आजच्या माणसाचा प्रश्न हाच असतो.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, सरस्वती भुवन शाळेच्या आसपास, वह्यापुस्तकांच्या दुकानांतच चित्रकलेचं सामानही मिळतं. पूर्वी पोस्टर कलरचे बारा डबे आणि जलरंगाच्या वड्या एवढ्यावर काम भागायचं. आता ॲक्रिलिकच्या ट्यूबांची रांग असते आणि तिच्यात अशी नावं असतात की मुलं चकित होऊन हातात घेतात: थॅलो टर्क्वॉइज, क्विनाक्रिडोन, मोत्यासारखे चमकणारे, अंधारात उजळणारे. शेजारी टेक्श्चर पेस्टचा डबा. दोन्ही घरी येतात, बोर्डवर पेस्ट थापली जाते, वाळायच्या आत त्यावर नवा रंग फासला जातो आणि तासाभरात सगळं एकच गढूळ होऊन बसतं. चित्रकला शिकायला येणारी मुलं असा बोर्ड घेऊन येतात आणि विचारतात, “सर, रंगच खराब निघाला का?”

रंग खराब नसतो. त्याला कुठे बसवायचं हे ठरलेलं नसतं. अनोळखी रंग हाती घेण्याआधी त्याच्या खालचा थर आणि त्याचे शेजारी ठरवावे लागतात, असं माझं ठाम मत आहे. आणि हे समजून घ्यायला आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवरच्या त्या भिंतींइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी खालचा थर.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या, पण १८९६-९७ मध्ये छापलेल्या त्यांच्या ग्रंथात भिंतीच्या लिंपणाचं वर्णन आहे. मुळात दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेला, टाकीच्या खुणा न घासलेल्या. लिंपणाला धरायला जागा हवी म्हणून. त्यावर माती, शेण, काळ्या दगडाची भुकटी आणि भाताचं तूस यांचा थर, कुठे अगदी पातळ तर कुठे पाऊण इंचापर्यंत. आणि त्या खरखरीत थरावर अंड्याच्या कवचाइतका पातळ, घोटून गुळगुळीत केलेला पांढरा लेप. रंग या पांढऱ्यावर.

१९३० च्या दशकात एस. परमशिवन यांनी या थरांचे नमुने रासायनिक कसोटीला लावले. ही चित्रं युरोपीय अर्थाने फ्रेस्को नाहीत, म्हणजे ओल्या चुन्यात रंग मुरवलेले नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोरड्या भिंतीवर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

तूस कशाला? ओली माती वाळताना आकसते. पाणी निघून जातं, कण जवळ येतात, पण मागचा दगड आकसत नाही. त्या ओढाताणीत लिंपण फाटतं. मध्ये तूस, गवत, काथ्या असं काही असेल तर ओढ एका जागी साठत नाही. एका मोठ्या भेगेऐवजी डोळ्याला न दिसणाऱ्या असंख्य बारीक भेगा पडतात आणि थर टिकतो. खेड्यात मातीच्या भिंतीला भुसा मिसळून लिंपणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे.

वेरूळच्या बाबतीत यात एक वेगळी भर पडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे रसायनशास्त्रज्ञ राजदेव सिंह आणि इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या बाराव्या लेण्याच्या लिंपणात भांगेच्या झाडाचे तुकडे असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. भांगेचा तंतू चिवट असतो, ओल शोषून पुन्हा सोडतो आणि किडीला फारसा आवडत नाही. अजिंठ्याच्या लिंपणात भांग नव्हती; तिथल्या तुसाला आणि गवताला किडीने खाल्लं, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदवलं आहे. पोताच्या कामात काय मिसळायचं याचा निर्णय दीड हजार वर्षं पुरतो, असा याचा अर्थ.

आपल्या बोर्डवर हेच नियम चालतात. ताणलेल्या कॅनव्हासवर पुट्टीचा जाड थर दिलात तर कापड हलेल, पुट्टी हलणार नाही आणि ती तडकेल. जड पोतासाठी प्लायवुड किंवा एमडीएफ घ्यावं, आणि तेही दोन्ही बाजूंनी पातळ फेविकॉलच्या पाण्याने सील करून. एकाच बाजूला ओलावा गेला तर फळी वाकते. पृष्ठभाग जाड सँडपेपरने खरवडावा. मग खडूची भुकटी, फेविकॉल आणि पाणी यांचं दाटसर मिश्रण, त्यात चाळलेली बारीक वाळू किंवा लाकडाचा भुसा. एकच जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर. आपल्याकडे उन्हाळ्यात घाई करायचा मोह होतो, कारण वरचा पापुद्रा अर्ध्या तासात वाळतो; आतला ओला राहतो आणि नंतर भेग देतो. बोर्ड सावलीत ठेवावा. भेगाच हव्या असतील तर उलट करावं: माती जास्त, चिकट कमी, थर जाड, आणि बोर्ड उन्हात. तूस, धान्याचा कोंडा, चहाचा चोथा असं काही मिसळायचं असेल तर ते आधी कडक वाळवावं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

गोणपाट, मलमल, जुनं वर्तमानपत्र यांचेही पोत होतात. मला मात्र सगळ्यांत प्रिय आहे तो कागझीपुऱ्याचा हातकागद. दौलताबादवरून खुलताबादच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. मुहम्मद बिन तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा दिल्लीकडून आलेल्या माणसांत कागद करणारेही होते, अशी या गावाची परंपरा सांगते. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला तो कागद ओला करून फाडला की कडेला लांब तंतू सुटतात. हे तुकडे फेविकॉलने बोर्डवर चिकटवून त्यावर रंग दिला की तंतूंच्या रेषा उमटतात. हाताने काढून तशी रेषा येणार नाही. गिरणीचा कागद फाडला तर कडा सरळ आणि मेलेली येते. त्याचे तंतू आखूड असतात.

आता रंगाकडे.

लाजवर्दाचा दगड दिसतो गर्द निळा, पण तो एकजिनसी नसतो. निळं खनिज त्यात लाझुराइटचं. त्याच्याबरोबर पांढरा कॅल्साइट आणि सोन्यासारखे चमकणारे पायराइटचे ठिपके. सगळं सरसकट कुटून पूड केली तर ती राखाडी निघते. शिवाय जितकी बारीक दळावी तितका रंग फिका पडतो, कारण कण लहान झाले की प्रकाश आत शिरण्याआधीच उडून परत येतो. जाड कण ठेवले तर निळा गर्द राहतो, पण तो ब्रशला वाळूसारखा लागतो आणि भिंतीला धरायला चिकट जास्त लागतं. गेरूच्या बाबतीत असली अडचण कधीच येत नाही. तो कितीही दळा, खुलतच जातो. म्हणजे गेरूवर तयार झालेला हात लाजवर्दाला तसाच लावून चालला नसता. इटलीचा चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने पुढे, इसवी सन १४०० च्या सुमारास, पूड मेण आणि राळेत मळून राखेच्या खारट पाण्यात चुरायची युक्ती लिहून ठेवली. निळे कण पाण्यात उतरतात, कचरा गोळ्यात राहतो. युरोपात हा रंग सोन्याच्या भावाला जाई.

तो इथवर आला कसा, याचा एक धागा पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत आहे. सिंधूच्या मुखाशी असलेल्या बार्बरिकम बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत निळीच्या बरोबरीने लाजवर्दही आहे. त्याच पुस्तकात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचं लिहिलं आहे. मालाच्या वाटा दख्खनशी जोडलेल्या होत्याच.

मग एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये या निळ्यासाठी चक्क बक्षीस लावण्यात आलं: स्वस्तात कृत्रिम लाजवर्द करून दाखवा, सहा हजार फ्रँक घ्या. १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त ग्विमे याला मिळालं; जवळजवळ त्याच वेळी जर्मनीत ट्युबिंगनच्या ग्मेलिननेही आपली कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून तयार होणारा हाच तो अल्ट्रामरीन. तो इतका स्वस्त झाला की आपल्या घराघरांत शिरला. धोतरं-सदऱ्यांना पांढरेपण यावं म्हणून शेवटच्या पाण्यात टाकायची नीळ आणि दिवाळीच्या आधी भिंतींसाठी चुन्यात कालवायची चिमूटभर नीळ म्हणजे हीच भुकटी. राजवाड्याच्या किंवा विहाराच्या ऐपतीचा रंग किराणा दुकानात पुडीने मिळू लागला, ही मला रंगांच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते.

अर्थात सगळे निळे एका स्वभावाचे नसतात आणि ट्यूबवरचं नाव फसवतं. म्हणून नावापेक्षा मागचा बारीक छापलेला कोड वाचावा. पीबी २९ असेल तर अल्ट्रामरीन. पीबी २७ म्हणजे प्रशियन ब्लू, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेले असताना चुकून सापडलेला. पीबी १५ म्हणजे थॅलो, १९३५ मध्ये बाजारात आलेला. प्रशियन ब्लूला चुना, सिमेंट असं काहीही खारट चालत नाही. ताज्या चुन्यावर तो तपकिरी होऊन मरतो. अल्ट्रामरीन चुन्यात सुखाने राहतो, पण आंबट त्याला सोसत नाही. अल्ट्रामरीनच्या भुकटीवर लिंबू पिळून पाहा: निळा उडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्याच्या आत अडकलेलं गंधक सुटतं. थॅलो या दोन्हींना दाद देत नाही, पण त्याची ताकद एवढी की सुईच्या टोकाइतका घेतला तरी वाटीभर पांढरा निळा होतो. पोताच्या पहिल्याच कामात थॅलो वापरणाऱ्यांचे बोर्ड गढूळ होतात ते यामुळे. मिश्र माध्यमात खाली काय आहे, खार की आंबट, हे माहीत नसताना वर अनोळखी रंग लावणं धोक्याचं आहे.

आणि निळ्याची यादी अजून संपलेली नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात, चेन्नईत जन्मलेले मास सुब्रमण्यम यांच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्ससाठी नवी द्रव्यं शोधताना यिट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांची ऑक्साइडं भट्टीत सुमारे १,२०० अंशांवर भाजली गेली आणि बाहेर आला तो कुणीही न पाहिलेला झळझळीत निळा. त्याला पीबी ८६ असा क्रमांक मिळाला. आजच्या चित्रकारापुढेही, वाकाटककाळातल्या माणसासारखाच, परका निळा येऊन ठेपू शकतो.

ओळख कशी करून घ्यायची? मी मुलांना एक पट्टी करायला लावतो. जाड कागदाच्या पट्टीवर आधी काळ्या शाईची एक रेघ मारून वाळवायची. मग नवा रंग पाच प्रकारे लावायचा: जाड, पाण्याने पातळ, पांढऱ्यात मिसळून, गेरूत मिसळून, आणि पोताच्या तुकड्यावर. काळी रेघ झाकली गेली तर रंग अपारदर्शक, दिसत राहिली तर पारदर्शक. ही एक माहिती निम्मं काम करते. जाड लावल्यावर जवळजवळ काळा दिसणारा रंग पातळ केला की अचानक आपली खरी छटा दाखवतो. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, थॅलो हिरव्याकडे. म्हणून पिवळ्यात अल्ट्रामरीन घातला तर मळकट शेवाळी हिरवा येतो आणि थॅलो घातला तर पोपटी. ओली छटा आणि वाळलेली छटा दोन्ही नोंदवायच्या. ॲक्रिलिकचं द्रव्य ओलं असताना दुधाळ असतं, वाळताना पारदर्शक होतं, त्यामुळे रंग वाळल्यावर गडद होतो. शेवटी पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती चैत्र-वैशाखाच्या उन्हात खिडकीला लावायची. आपलं ऊन रंगाची परीक्षा फार लवकर घेतं. हळद, कुंकू, खाण्याचे रंग, गुलाल हे सगळं यात उतरतं तेव्हा मुलांचे चेहरे उतरतात, पण पुढच्या चित्रात ते कधी वापरत नाहीत. सुकी भुकटी वापरणार असाल तर तोंडाला फडकं बांधा, आणि किराण्यातल्या निळीत सोडा किंवा दुसरी भर असू शकते हे लक्षात ठेवून तिच्यावर कायमस्वरूपी काम उभं करू नका.

शेजारी. अजिंठ्याच्या बाकीच्या रंगांसाठी फार लांब जावं लागत नाही. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती. हिरवा सुद्धा दख्खनच्या काळ्या दगडाचाच: लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांच्या आतून सेलॅडोनाइट नावाचं हिरवट खनिज बसलं, त्याची ही हिरवी माती. हे सगळे मातकट, दबलेले रंग. त्यांच्यामध्ये ठेवलेला थोडासा लाजवर्द आहे त्यापेक्षा कितीतरी निळा दिसतो. पॅरिसच्या गोब्लँ गालिचा कारखान्यातले रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये याचा मोठा अभ्यास छापला. काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आली होती. धागे ठीक होते, शेजारचे निळे-जांभळे धागे त्यांना फिकं करत होते. डोळा प्रत्येक रंग शेजाऱ्याच्या तुलनेतच मोजतो. तांबूस-नारिंगी गेरूशेजारी साधी कोळशाची पूड पांढऱ्यात मिसळून लावली तरी ती निळसर भासते. निळा हाती नसलेल्या चित्रकाराला ही सोय कायम उपलब्ध होती.

अजिंठ्यात निळा जिथे आहे तिथे तो बहुधा गेरू आणि पांढऱ्याच्या मध्ये, ठरलेल्या जागी, माफक आहे. महाग होता हे कारण असणारच. पण मी त्या छतांकडे पाहतो तेव्हा मला काटकसरीपेक्षा जाण अधिक दिसते. जिथे निळा येतो तिथे आजूबाजूचं सगळं त्याच्यासाठी मोकळं केलेलं असतं.

बोर्डवर हे असं जमतं. पोताचा थर वाळला की सगळ्यावर गेरूचा हात द्यावा, पूर्ण वाळू द्यावा. मग अल्ट्रामरीन पातळ करून वरून ओतल्यासारखा लावायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. उंचवट्यांवरचा रंग निघून येतो, खोलात राहतो. पोताच्या खाचांत निळा, माथ्यावर गेरू. किंवा याच्या उलट: ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, जाड निळा फक्त टोकांवरून फिरवायचा, खाली गेरू, वर निळ्याचे कण. रंग तोच, बोर्ड तोच, आणि दोन वेगळी चित्रं. जिथे निळा आणि गेरू ओलेच मिसळतात तिथे राखाडी येते, कारण ते एकमेकांना विझवतात; हीच राखाडी सावल्यांना वापरावी, वेगळा काळा काढायची गरज नाही. मधला रंग पूर्ण वाळवून मग दुसरा लावणं हे पोताच्या कामात सगळ्यांत कठीण जातं, कारण खाचांतला रंग वरच्यापेक्षा खूप उशिरा वाळतो. बोटाच्या टोकाने खाच तपासावी, माथा नव्हे. आणि तैलरंग झालेल्या जागेवर ॲक्रिलिक देऊ नये. ते धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटून येतं. उलट क्रम चालतो.

मराठी मुलखाशी नातं असलेल्या दोन चित्रकारांचं काम इथे पाहावं. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, गोव्याकडच्या घराण्यातले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन तैलरंगाचे थर चढवत आणि उतरवत असत. त्यांच्या कॅनव्हासवर पोत आणि रंग वेगळे काढताच येत नाहीत. प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरला, आपण दारं-खिडक्यांना लावतो तोच. चित्रकलेच्या दृष्टीने तेव्हा तो परकाच होता. त्याचा गुळगुळीत, थंड, पाणी साचल्यासारखा पृष्ठभाग त्यांच्या चित्रांतल्या वस्तूंना एकटं करतो. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे १९९० मधलं पुस्तक चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

आता शेवटचा हात, म्हणजे व्हार्निश. इथे अनोळखी रंगाचं सर्वांत मोठं नुकसान होतं.

वाळलेला, सरसात बांधलेला अल्ट्रामरीन मखमली आणि उजळ दिसतो. त्याच्या कणांभोवती हवा असते आणि प्रकाश कण व हवा यांच्या सीमेवर विखुरतो. त्यावर तेल किंवा व्हार्निश पडलं की हवेची जागा ते घेतं. अल्ट्रामरीनचा वक्रीभवनांक सुमारे १.५ आणि तेलाचाही जवळपास तितकाच. सीमाच पुसली जाते, प्रकाश विखुरत नाही, रंग खोल आणि काळपट होतो. फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइन याला सुक्या भुकटीचा उजळपणा कॅनव्हासवर टिकवायचा होता. पॅरिसचे रंगविक्रेते एदुआर आदाम यांच्या मदतीने त्याने एक कृत्रिम राळ वापरली, जी कण धरते पण बुडवत नाही, आणि १९६० मध्ये ती कृती अधिकृतपणे नोंदवली.

अजिंठ्यात याचीच दुसरी बाजू घडली. एकोणिसाव्या शतकात नकला करताना चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश फिरवलं गेलं. मग १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन संवर्धकांना बोलावलं. त्यांनी सुटणारं लिंपण भिंतीला पुन्हा चिकटवलं, आणि त्या कामामुळेच कित्येक चित्रं आज जागेवर आहेत. पण वरून दिलेली चपडा लाख काळाबरोबर पिवळी-तपकिरी होत गेली. पिवळ्या काचेतून निळा पाहिला तर तो हिरवट आणि मळका दिसणारच. ती लाख आणि तिच्यात अडकलेला धूर-धूळ थराथराने उतरवण्याचं काम पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ अनेक दशकं करत आले आहेत. सरसाने बांधलेला रंग पाण्याला भितो, त्यामुळे कोणतं द्रावण लाख विरघळवेल आणि रंगाला हात लावणार नाही, हे जागोजागी तपासून ठरवावं लागतं.

म्हणून पोताच्या चित्रावर व्हार्निश द्यायचंच असेल तर मॅट घ्यावं, ते नंतर काढता येणारं असावं, आणि आधी त्या पट्टीवरच्या निळ्यावर लावून आठवडाभर पाहावं. बदल पटला नाही तर चित्राला काच लावावी, पण पोताच्या उंचीला पुरेल एवढी पट्टी मध्ये घालून, म्हणजे काच रंगाला टेकणार नाही. टांगताना उजेड एका बाजूने येईल अशी भिंत निवडावी; समोरून पडलेल्या ट्यूबलाइटमध्ये खाचा सपाट होतात. आणि बोर्ड भिंतीला टांगण्याआधी उलटा करून मागे पेन्सिलीने लिहावं: फळी कसली, लेपात काय-काय कालवलं, किती थर, गेरू कुठला, निळ्याचा कोड कोणता, व्हार्निश कोणतं, आणि साल. लेपात काय आहे हे शोधायला परमशिवनना अजिंठ्याच्या भिंतीचे कण प्रयोगशाळेत न्यावे लागले होते. उद्या कुणाला आपला बोर्ड दुरुस्त करायची वेळ आली तर त्याने तो नुसता उलटा करून वाचावा.